शरदाची ऊब, चेटकिणीचा चहा आणि काही समज

भोपळ्याचा केक, दालचिनीचा वास, मेणबत्तीच्या उजेडात वाफाळणारा झाडपाल्याचा चहा आणि शेजारी चेटकिणीची टोकदार टोपी. ऑक्टोबर लागला की अशा चित्रांनी मोबाइल भरून जातो. अंबडला त्या सुमारास मत्स्योदरी देवीच्या डोंगरावर नवरात्राची गर्दी असते, घरोघरी घटाभोवती धान उगवत असतं. चित्रांतली ती हौस मला आवडते. रोजच्या रांधण्यात थोडं गूढ, थोडा सोहळा असावाच. पण त्याबरोबर काही चुकीचे समजही घरात शिरतात, आणि त्यातले एकदोन जिवावर बेतू शकतात.

पहिला समज हवेचा. शरद म्हणजे थंडी, म्हणून सुंठ, मिरी, लवंगेचा कडक काढा. युरोपात पानगळ सुरू असते तेव्हा मराठवाड्यात ऑक्टोबरचं ऊन चटके देत असतं. आयुर्वेदाने शरद हा पित्त खवळण्याचा ऋतू मानला आणि त्यात गोड, कडू, तुरट, पचायला हलकं खायला सांगितलं. तेव्हा आश्विनात गवती चहा, तुळस किंवा धने-बडीशेपेचं पाणी पुरे. सुंठ-मिरीचा डबा मार्गशीर्षात उघडावा.

गवती चहा हा चहाचाच प्रकार, असंही अनेकांना वाटतं. ते एक सुगंधी गवत आहे, चहाच्या झुडपाशी त्याचं काही नातं नाही. नुसती पाती उकळली तर त्यात कॅफीन नसतं. चहापत्ती पडली की अर्थातच येतं.

‘झाडपाल्याचं आहे, अपाय कसला?’ हा समज मात्र सगळ्यांत हट्टी. जी वनस्पती शरीरावर काम करते, ती नकोसं कामही करू शकते. करोनाच्या काळात लोक महिनोन् महिने गुळवेलीचा काढा प्यायले. त्यातल्या काहींच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला, आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल, असं म्हटलं. मला या वादातून एवढं दिसतं की वेल नीट ओळखता येत नसेल तर कुंपणावरून तोडून उकळू नये, आणि यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. ज्येष्ठमध घशाला गोड लागतं, पण रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. बाजारातली जाड सालीची स्वस्त दालचिनी बहुधा कॅशिया असते. तिच्यातलं कुमारिन रोज जास्त पोटात गेलं तर यकृताला बाधतं. श्रीलंकेच्या पातळ, पापुद्र्यांच्या दालचिनीत ते नाममात्र असतं. केकमधल्या चिमूटभराला भिण्याचं कारण नाही. रोज चमचाभर पूड पाण्यातून घेणं ही वेगळी गोष्ट.

नवरात्रात उपवासाचे केक करायची नवी हौस आहे, आणि त्यात भगरीचं पीठ असतं. उपवासाचा जिन्नस म्हणजे शुद्धच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा येतात, आणि अन्न व औषध प्रशासन त्याबद्दल सावध करत असतं. दमट साठवणीत भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती विष तयार करते. मग उलट्या, चक्कर, हातापायांना कंप. भट्टीच्या आचेने बुरशी मरेल, तिने आधीच केलेलं विष जाईल याची खात्री नाही. भगर पाकीटबंद, तारीख पाहून, थोडीच आणावी. निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळावी. सुटं तयार पीठ टाळावं.

कोजागरीच्या दुधात चंद्रकिरणांनी औषधी गुण उतरतात, हाही जुना समज. पूर्ण चंद्राचा उजेड म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, आणि तोही सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद. दुधात उतरते ती वेलची-जायफळाची चव, आणि उघडं पातेलं रात्रभर राहिलं तर जंतू. चंद्राचं प्रतिबिंब पाहावं, गप्पा माराव्यात, पण दूध उकळून दोन तासांत संपवावं. जायफळ चिमूटभरच, कारण जास्त झालं तर तेही विषारी ठरतं.

आता ती टोपीवाली चेटकीण. युरोपात लाखो वैदू बायका आणि सुइणींना चेटकीण ठरवून जाळलं, असं सर्रास सांगितलं जातं. इतिहासकारांच्या अंदाजाने साधारण १४५० ते १७५० या काळात चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली. त्यांत बायका बहुसंख्य होत्या, पण सुइणींना वेचून मारल्याचा पुरावा नाही. मराठवाड्यात करणी आणि भानामती हे शब्द अजून जिवंत आहेत, आणि ‘चेटकीण’ म्हटल्या गेलेल्या बाईला तो शब्द मोबाइलमधल्या चित्रासारखा गोंडस वाटत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला अंधश्रद्धांविरुद्ध झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कुणावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचं जगणं अवघड करणं त्यात गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणंही त्यात येतं. पूजा, यात्रा, कीर्तनाला कायद्याने हात लावलेला नाही. घट बसवणाऱ्याने किंवा तुळशीपाशी दिवा लावणाऱ्याने बिचकायचं काहीच कारण नाही.

राहिली भट्टी. भाजणं हे परक्यांचं, आपलं फक्त तळणं, असं म्हणणाऱ्यांनी चंपाषष्ठीचा खंडोबाचा नैवेद्य आठवावा: वांग्याचं भरीत आणि रोडगा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगा भाजला जातो तेही बेकिंगच. दिवाळीला घरचं तूप-साखर-मैदा बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची रीतही जुनी आहे, आणि तिच्यात ना अंडं लागतं ना यीस्ट. घरी करायची तर कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी मीठ पसरावं. याच दिवसांत आंबे बहाराची मोसंबी बाजारात असते. भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपल्या जालन्याची मोसंबी. फळावर फवारणीचे अंश असू शकतात, म्हणून ते चोळून धुवावं आणि सालीचा फक्त वरचा रंगीत थर किसून पिठात घालावा. खालचा पांढरा थर कडू असतो.