नळाच्या पाण्यापासून गुलाबी कूलंटपर्यंत

द्रुतगती मार्ग व्हायच्या आधी खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं की कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसायच्या. कुर्ल्यात तयार झालेली पद्मिनी, उत्तरपाड्याहून आलेली अ‍ॅम्बॅसडर, एखादी जीप. रेडिएटरमधून वाफा, ड्रायव्हरच्या हातात ओलं फडकं, पायाशी पाण्याचा कॅन. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबवण्यात श्रद्धा होतीच, पण इंजिनाला दम खायला मिळायचा, हाही फायदा होता.

त्या काळात कोणतं कूलंट घालायचं, हा प्रश्नच नव्हता. नळाचं, विहिरीचं, ओढ्याचं, जे पाणी हाताला लागेल ते घालायचं. आणि ते बऱ्यापैकी चालायचंही, कारण ब्लॉक बिडाचा आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. बीड गंजतं, पण सावकाश. पाणी तांबूस व्हायचं, नळ्या चोक व्हायच्या, मग रेडिएटरवाल्याकडे जायचं. तो डाग वितळवून वरची टाकी उघडायचा, एकेका नळीतून रॉड फिरवून गाळ काढायचा आणि टाकी पुन्हा झाळून द्यायचा. संध्याकाळी गाडी रस्त्यावर. गंज आवरायला काही ड्रायव्हर लेथवर वापरतात ते सोल्युबल ऑइल टाकायचे, त्यामुळे पाणी दुधासारखं दिसायचं. वाटेत गळती लागली तर मूठभर हळद. हळद फुगून बारीक भोक बुजवायची, हे खरं. ती उरलेल्या नळ्याही बुजवायची, हेही तितकंच खरं.

यातला सर्वांत घातक उपाय मात्र हळदीचा नव्हता. 'गाडी गरम होते? थर्मोस्टॅट काढून टाका' हा होता. आपल्याकडे थंडी नाही, तर तो वॉल्व्ह हवा कशाला, असा हिशेब. इंजिनाला ऐंशी-नव्वद अंशांची ऊब लागते, त्याखाली ते पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही जास्त, हे कुणी सांगायचं? हा सल्ला आजही ऐकू येतो.

पाण्याची बाजूही मांडायला हवी. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारा द्रव स्वस्तात मिळत नाही. निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटचा मूळ पदार्थ, मिसळलं की मिश्रणाची ती क्षमता उलट कमीच होते. पाण्याची अडचण दुसरीकडे आहे. ते लवकर उकळतं आणि धातू खातं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 95-96 अंशांवरच उकळी धरतं. म्हणून तर रेडिएटरला दाबाचं झाकण असतं. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा दिसेल, तो दाब बारमध्ये. 1.1 च्या झाकणाखाली साधं पाणी 120 अंशांपर्यंत तग धरतं, निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण आणखी सात-आठ अंश. दहा वर्षं जुन्या झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा वाऱ्यावर. महागडं कूलंट ओतून झाकण मात्र जुनंच ठेवणारे कमी नाहीत.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि चित्र पालटायला लागलं. बॉनेटखाली एक पांढुरकी प्लास्टिकची बाटली दिसू लागली, तिच्यावर 'फुल' आणि 'लो' अशा खुणा. आत हिरवं पाणी. पण मेकॅनिकचा हात जुनाच होता. पातळी उतरली की मग्यातलं पाणी, पुन्हा उतरली की पुन्हा मग्यातलं. दोन वर्षांत हिरवा रंग नावापुरता उरायचा. आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापून ते वाकलं की गॅस्केट जायचं, हेड फेसिंगला लेथवर जायचं आणि मालक म्हणायचा, 'या नव्या गाड्यांत दम नाही.' दम गाडीत होता, पाण्यात नव्हता.

पुढे नव्वदीच्या अखेरीपासून अ‍ॅल्युमिनियम वाढतच गेलं. रेडिएटरच अ‍ॅल्युमिनियमचा, टाक्या प्लास्टिकच्या, दोन्हींचा जोड दाबून बसवलेला. रॉड मारायची सोय संपली. खराब झाला की नवा आणा. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे ती पाण्याची. दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनाच्या आतल्या वाटांतही चढतो, आणि तो उष्णता अडवतो. रबरी होजचं टोक काढून पाहिलं की पांढरी खर बोटाला लागते. म्हणून कॉन्सन्ट्रेट घ्यायचं असेल तर त्यात बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटरच हवं. बिसलेरी चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: पिण्याच्या बाटलीबंद पाण्यातही क्षार असतात.

आता रंगांकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. बहुतेक कूलंटचा मूळ पदार्थ एकच, इथिलीन ग्लायकॉल. मुळात ते थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात बाजारात आलं. फरक असतो तो गंजरोधकांत. जुन्या हिरव्या प्रकारात सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे क्षार धातूवर भराभर लेप चढवतात आणि भराभर संपतात. म्हणून दोन वर्षांनी बदला. नव्वदच्या दशकात सेंद्रिय आम्लांचा प्रकार पुढे आला. तो सगळीकडे लेप न चढवता जिथे गंज धरू पाहतो तिथेच काम करतो, म्हणून पाच वर्षं टिकतो. जनरल मोटर्सने अमेरिकेत असं नारिंगी कूलंट आणलं आणि नंतर गाळ व गळतीच्या तक्रारींवरून कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागली. दीर्घायुषी म्हणजे अमर नव्हे.

मग दोन्हींचे संकर निघाले आणि तिथे जपानी व युरोपीय घराणी वेगळी झाली. युरोपात पाणी जड; फॉस्फेट त्यातल्या कॅल्शियमबरोबर खर धरतं, म्हणून त्यांनी फॉस्फेट टाळून सिलिकेट ठेवलं. जपान्यांनी वॉटर पंपाच्या सीलला त्रास नको म्हणून सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं. 2001 पासून औरंगाबादला स्कोडा जुळू लागली, 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि रस्त्यावर टोयोटा-होंडा होत्याच. दोन्ही घराणी नाक्यावरच्या एकाच गॅरेजमध्ये, एकाच फळीवर येऊन बसली.

रंग बघून ओळखायला जावं तर होंडाचंही निळं आणि युरोपातलं एक जुनं सिलिकेटवालंही निळसर हिरवं. रंग हा नुसता रंग आहे. कोणता रंग कशाला, याचा सक्तीचा जागतिक नियम नाही. 'लालला लाल मिळतंय ना, मग झालं' हे साडीच्या फॉलला ठीक आहे. फोक्सवॅगनच्या जुन्या लाल जी12 मध्ये निळसर हिरवं जी11 मिसळलं की तपकिरी चिखल होतो, हे त्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना पाठ आहे.

हल्ली रेडी-टू-यूजचे डबे आलेत, ते बरं झालं. मापात चूक होत नाही. पूर्वी 'जास्त घातलं तर जास्त गार' म्हणून अख्खं कॉन्सन्ट्रेट बिनपाण्याचं ओतणारेही होते. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं, निम्मं पाणी घातलेलं उणे 37 पर्यंत टिकतं. आणि बिनपाण्याचं ग्लायकॉल इंजिन गार ठेवण्यातही मागे पडतं. लडाखला गाडी नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बाकी महाराष्ट्रात गोठण्याची चिंता नको.

इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणून यातून सुटका झाली, असंही नाही. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांच्या बॅटरीभोवतीही कूलंट फिरतं. काही कंपन्यांना तर वीज फारशी न वाहणारं वेगळं कूलंट लागतं. तिथे मग्यातलं पाणी ओतणं हा निव्वळ धोका.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा, त्यात कूलंटचा जो प्रकार किंवा क्रमांक दिला आहे तो डब्याच्या मागच्या बाजूला सापडतो का पाहा. जुनं कोणतं आहे ते माहीत नसेल तर वरून भर घालू नका. सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरने फ्लश मारून नवं भरून घ्या आणि तारीख लिहून ठेवा. काढलेलं कूलंट गॅरेजवाल्याला गटारात ओतू किंवा उघड्या टबात ठेवू देऊ नका. ते चवीला गोड असतं, विषारी असतं आणि गल्लीतली कुत्री ते चाटतात. मेकॅनिक 'सगळं एकच असतं हो' म्हणाला, तर डबा त्याच्या हातून घ्या आणि लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका.