आधी काम, मग कंप्युटर : बेताच्या पैशात विंडोज, लिनक्स, मॅक की क्रोमबुक?



दर जून-जुलैला आणि पुन्हा दिवाळीनंतर आम्हाला एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो : "सर, पोरीसाठी लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ?" आम्ही म्हणजे लातूर-नांदेडकडचे काही शिक्षक आणि कंप्युटर दुरुस्तीचं काम करणारे दोन मित्र. आम्ही काही विकत नाही, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायची आम्हाला गरज नाही.

दिवाळीनंतरच का, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सोयाबीन निघतं, आडतीला जातं, हातात रक्कम येते. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे चाळीस हजारांचा लॅपटॉप हमीभावानेच साडेसात क्विंटल सोयाबीनचा झाला. बाजारात भाव त्याच्या खाली असेल तर आणखी जास्त. पुण्या-मुंबईतला पगारदार माणूस चुकला तर दोन वर्षांनी दुसरा घेतो. आपल्याकडे ही खरेदी बहुतेक घरांत शिक्षणाच्या काळात एकदाच होते. म्हणून आज मशीनबद्दल कमी आणि निवडीबद्दल जास्त बोलणार आहोत.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

ट्रॅक्टर घेताना आपण फक्त रंग आणि एचपी बघत नाही. आपल्याकडची पेरणीची, फवारणीची अवजारं त्याला जोडता येतील का, पार्ट तालुक्याला मिळतो का, मेकॅनिक कोण आहे, हे सगळं बघतो. कंप्युटरचंही तसंच आहे. विंडोज, लिनक्स, मॅक, क्रोमओएस ही ऑपरेटिंग सिस्टीमची नावं झाली. प्लॅटफॉर्म म्हणजे ती सिस्टीम, तिच्यावर चालणारी सॉफ्टवेअरं, तिला जोडता येणारी यंत्रं आणि ती बिघडली तर मदत करणारा माणूस, हे सगळं मिळून.

आपण खरेदी उलट्या क्रमाने करतो. आधी ऑफर बघतो, मग मशीन घेतो, मग त्यात जे आलंय ते वापरतो आणि शेवटी कळतं की आपलं काम त्यावर होतच नाही. सरळ क्रम असा : आधी काम, मग त्या कामाचं सॉफ्टवेअर, मग प्लॅटफॉर्म आणि सगळ्यात शेवटी मशीन.

आपल्याकडची कामं आणि त्यांचा हट्ट

काही कामं प्लॅटफॉर्मच्या बाबतीत हट्टी असतात, काही नसतात. आपल्या दोन जिल्ह्यांत नेहमी दिसणारी कामं घेऊ.

पहिलं, अकरावी-बारावी सायन्स. लातूरला खोली करून राहणारी हजारो लेकरं आहेत. त्यांच्या पालकांना आम्ही स्पष्ट सांगतो, दोन वर्षं लॅपटॉप घेऊच नका. नीट २०२५ पर्यंत तरी कागदावरच झाली आहे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी कंप्युटरवर होतात, पण परीक्षेचं यंत्र केंद्रावरचं असतं. सरावाच्या चाचण्या कोणत्याही ब्राउझरमध्ये चालतात, त्यासाठी क्लासची किंवा अभ्यासिकेची मशीनं पुरतात. पैसा राखून ठेवा. प्रवेश कोणत्या शाखेला मिळतो ते कळल्यावर खरेदी करा. शाखेप्रमाणे गरज बदलते.

दुसरं, इंजिनिअरिंग. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, लातूरलाही महाविद्यालयं आहेत. कंप्युटर शाखेचं बहुतेक काम, म्हणजे सी, जावा, पायथन, डेटाबेस, लिनक्सवर उत्तम चालतं. पण मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स आणि सिव्हिलला रेव्हिट लागलं तर ती दोन्ही फक्त विंडोजची. ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर आहे, लिनक्सवर नाही.

तिसरं, कॉमर्स. टॅली विंडोजचं आहे. अकाउंटंटकडे काम धरायचं असेल तर विषय तिथेच संपतो.

चौथं, एमएस-सीआयटी आणि टायपिंग. एमएस-सीआयटीत विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकवतात. शासनाची टायपिंगची परीक्षा, जिला आपण जीसीसी-टीबीसी म्हणतो, ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तिथे वेग मोजला जातो, म्हणून बोटांना जी सवय लागते तीच महत्त्वाची. घरी मशीन घेण्याआधी संस्थेत दोन गोष्टी विचारा : सरावाचं सॉफ्टवेअर कोणतं, आणि मराठीचा कीबोर्ड रेमिंग्टन पद्धतीचा की इनस्क्रिप्ट. रेमिंग्टन म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी, इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठीचं सरकारी मानक. संस्थेत एक आणि घरी दुसरं, असं झालं की सराव वाया जातो.

पाचवं, डीटीपी, फ्लेक्स, लग्नपत्रिका. इथे कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लागतात, आणि मराठीसाठी श्रीलिपीसारखी पॅकेजं अजून वापरात आहेत. जुन्या फायली युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या असतात. दुसऱ्या मशीनवर त्या उघडल्या की अक्षरांची खिचडी दिसते. हा धंदा करायचा असेल तर विंडोजच घ्या.

सहावं, सेवा केंद्र. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, स्कॅनर. प्रत्येकाचं ड्रायव्हर कोणत्या सिस्टीमसाठी आहे ते त्या यंत्राच्या कंपनीच्या साइटवर बघितल्याशिवाय कंप्युटरला हात लावू नका.

आणि सातवं, ज्याचा काहीच हट्ट नाही असं काम : फॉर्म भरणं, ईमेल, यूट्यूबवरचे तास, स्वयम आणि एनपीटीईएलचे कोर्स, साधं टायपिंग, हिशेबाचा तक्ता. हे ब्राउझरमध्ये आणि लिब्रेऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. इथे चारही प्लॅटफॉर्म चालतात, म्हणजे इथेच पैसे वाचवता येतात.

आमची फसगत

आता आमचीच एक चूक सांगतो. एका अभ्यासिकेसाठी आम्ही वर्गणी काढून पाच जुने लॅपटॉप घेतले. नामांकित कंपनीचे, वर आय-५ चं स्टिकर, दिसायला झकास. विकणारा म्हणाला, "ऑफिसमधले आहेत, दणकट." दणकट होतेही. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ टाकायला गेलो तर मशीननेच नकार दिला. प्रोसेसर सहाव्या पिढीचा निघाला.

'आय-५' हा वर्ग आहे, पिढी नाही. पिढी पुढच्या आकड्यात असते. आय-५ ७२०० म्हणजे सातवी, आय-५ ८२५० म्हणजे आठवी. आकडा दहा किंवा अकराने सुरू झाला, जसं १०२१०, तर दहावी, अकरावी पिढी. इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची अट साधारण आठव्या पिढीपासून पुढची आहे. एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा, पण तिथे यादी बघूनच घ्यावा. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते.

आधार संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. सुरक्षेच्या सुधारणा येणं थांबतं. ज्या मशीनवर बापाचं बँक खातं आणि पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म उघडतो, त्यावर ही जोखीम लहान नाही. आडवाटेने अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतात, पण अशा मशीनला पुढच्या सुधारणा मिळण्याची हमी नसते.

मग त्या पाच लॅपटॉपचं काय केलं? हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्या आणि लिनक्स मिंट बसवलं. त्यावर मुलं आज तास बघतात, चाचण्या देतात, प्रोग्रामिंग करतात. एकही रुपया परवान्याला गेला नाही. पण टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या चार मुली एक दिवस येऊन परत गेल्या, कारण त्यांच्या संस्थेचं सराव-सॉफ्टवेअर त्यावर चालेना. मशीनं वाईट नव्हती. कोण वापरणार हे आम्ही आधी विचारलं नव्हतं.

चौघांचा हिशेब

विंडोज : हट्टी कामं बहुतेक इथेच होतात आणि प्रत्येक तालुक्यात ओळखीचा दुरुस्तीवाला असतो. यातला सापळा म्हणजे नवा पण अतिस्वस्त लॅपटॉप. चार जीबी रॅम, सेलेरॉन प्रोसेसर आणि चौसष्ट जीबी ईएमएमसी, जी बोर्डवरच जोडलेली असते आणि बदलता येत नाही. विंडोज ११ ची किमान अटच चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा. म्हणजे हे मशीन पहिल्या दिवसापासून काठावर उभं. त्यापेक्षा आठव्या किंवा पुढच्या पिढीचा, आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, बिल मिळणारा जुना बिझनेस लॅपटॉप आम्ही पसंत करू.

लिनक्स : मोफत, हलकं, जुन्या मशीनला नवं आयुष्य देणारं. उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा-सुधारणा मिळतात. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात चालतो. अडतं ते विशिष्ट सॉफ्टवेअरवर आणि शेजारी सांगणारा नसण्यावर. केरळने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. २००१ मध्ये तिथे आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, आज तो काईट या नावाने चालतो आणि सरकारी शाळांत लिनक्स वापरलं जातं. पण तिथे नुसतं लिनक्स वाटलं नाही, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, अडलं तर विचारायला माणूस ठेवला. तुमच्या ओळखीत असा एक जण असेल, एखादी इंजिनिअरिंगची पोरगी असली तरी चालेल, तर लिनक्स घाबरण्यासारखं नाही.

मॅक : बॅटरी आणि टिकाऊपणा चांगला. आयफोनची ॲप बनवायची असतील तर मॅकच लागतो. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, टॅली-सॉलिडवर्क्स थेट चालत नाहीत, आणि दुरुस्तीचं अधिकृत केंद्र किती लांब आहे ते आधी बघावं लागतं. चाळीस हजारांत हा रस्ता बहुतेकांचा नाही.

क्रोमबुक : फक्त ब्राउझरचं काम असेल तर सुटसुटीत. पण प्रत्येक मॉडेलला सुधारणा मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. सवलतीत मिळणारं जुनं मॉडेल असेल तर ती तारीख बघूनच घ्या. नाहीतर स्वस्तात मुदत संपत आलेला माल घरी येतो.

दुकानात बघायच्या गोष्टी

जुना लॅपटॉप घेताना स्टिकरवर विश्वास ठेवू नका, सेटिंग्जमध्ये प्रोसेसरचा पूर्ण आकडा वाचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप तिथेच चालवून बघा, विंडोज ११ चालेल की नाही ते सांगतं. चार्जर काढून अर्धा तास वापरा, बॅटरी कळते. बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड नाही ना ते बघा. बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या. आणि "विंडोज-ऑफिस फुकट टाकून देतो" म्हटलं की विचारा : परवाना आहे का? चोरीच्या सॉफ्टवेअरपेक्षा लिनक्स आणि लिब्रेऑफिस कधीही बरं.

प्रश्नोत्तरं

मागून एका काकांनी विचारलं, "डेस्कटॉप स्वस्त पडतो म्हणतात, मग लॅपटॉप कशाला?" काका, बरोबर आहे. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो आणि दुरुस्तीही सोपी. पण त्यात यूपीएसचा खर्च धरा. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, डेस्कटॉप बंद पडतो. लेकरू घरी राहून शिकत असेल, किंवा सेवा केंद्र किंवा डीटीपीचं काम असेल तर डेस्कटॉप. खोली करून राहत असेल तर लॅपटॉप.

एका ताईंचा प्रश्न होता, "एकाच मशीनवर दोन्ही ठेवता येतं का?" येतं, ताई. विंडोजशेजारी लिनक्स बसवता येतं. पण आधी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर काढा आणि जाणत्याकडूनच करून घ्या. शिकणाऱ्यासाठी आम्हाला हा उपाय आवडतो : हट्टी कामाला विंडोज, बाकीच्याला लिनक्स.

तिसरा प्रश्न एका मुलीचा : "सर, वडिलांनी पैसे दिलेत, पण मला अजून शाखाच माहीत नाही." बाळा, मग आज काही घेऊ नकोस. कॉलेजच्या लॅबमध्ये पहिला महिना काढ. वरच्या वर्गातल्या ताईला विचार, वर्षभरात नेमकं कोणतं सॉफ्टवेअर उघडलं. ती नावं कागदावर लिही आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. दुकानदार विचारेल, "बजेट किती?" तू आधी कागद पुढे कर आणि विचार, "यावर हे चालेल का, आणि पाच वर्षं चालेल का?"

साडेसात क्विंटल सोयाबीनच्या बदल्यात एवढं विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.