शिराझ : मिरीशी सख्य, मिरचीशी वैर

नाशिक म्हटले की थॉमसन सीडलेसचे हिरवे घड डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु दिंडोरी, निफाडकडच्या काही मळ्यांत लहान, काळ्याभोर, जाड सालीच्या आणि बिया असलेल्या मण्यांची द्राक्षेही दिसतात. फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातून जगभर गेलेली शिराझ ही त्यांपैकीच एक जात होय. खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात तिला गिऱ्हाईक नाही. तिची सारी भिस्त वाईनवर. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यावर अशा लागवडीला चालना मिळाली. म्हणूनच या वाईनचा स्वभाव ग्राहकाला उमगणे, हा बागायतदाराच्याही हिताचा प्रश्न आहे.

रंग, तुरटपणा आणि गंध

शिराझचा रस मुळात जवळजवळ रंगहीन असतो. कुस्करलेले मणी सालीबियांसह आंबविले जातात. रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होत असताना सालीतून गडद रंग आणि साल व बियांतून टॅनिन हे तुरट द्रव्य उतरते. कडक कोऱ्या चहाने तोंड आवळून येते, त्यामागेही असाच तुरटपणा असतो. शिराझचे वैशिष्ट्य म्हणजे काळ्या मिरीसारखा गंध. मिरीतील रोटंडोन हेच द्रव्य या वाईनमध्येही असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले.

ताटात काय असावे?

टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरते. मांसातील प्रथिने व स्निग्धांश सोबत असले की त्याची धार बोथट होते. म्हणून मिरी लावून भाजलेले मटण, सौम्य मसाल्याचे कबाब, तर शाकाहारींसाठी लोण्यात परतलेली अळंबी किंवा जुने चीज उत्तम. याउलट तांबडा रस्सा किंवा ठेचा टाळावा. मद्यार्काने मिरचीचा दाह वाढतो आणि वाईन कडवट लागते. मासळीबरोबर तोंडात धातूसारखी चव राहते, तर श्रीखंडापुढे तीच वाईन आंबट वाटते. १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. आपल्याकडील उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ शीतकपाटात ठेवणे इष्ट.

मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा घेणाऱ्याने बेताने घ्यावी, न घेणाऱ्याने मुद्दाम सुरुवात करू नये. मात्र चुकीच्या ताटाचा दोष कोणी मळ्यातल्या द्राक्षाच्या माथी मारू नये, एवढेच.