एमएमए फायटरची कारकीर्द : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजेच एमएमए, या खेळात ठोसे, लाथा, कुस्तीचे डाव आणि जमिनीवरच्या पकडी या सगळ्यांना एकाच लढतीत मुभा असते. अमेरिकेतील यूएफसी ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी. सिंगापूरची वन चॅम्पियनशिप, भारतातली मॅट्रिक्स फाइट नाइट अशा इतर संस्थाही लढती भरवतात. प्रेक्षकाला पडद्यावर लढतीच्या पिंजऱ्यातली फार तर १५ किंवा २५ मिनिटे दिसतात. सराव, वजन, करार आणि उपचार यांत जाणारे उरलेले वर्ष त्याच्या नजरेआड राहते. या व्यवसायाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्यातूनच आले आहेत.

गैरसमज : या खेळाला नियमच नाहीत.

वस्तुस्थिती : सुरुवातीच्या काळात हे बऱ्याच अंशी खरे होते. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा वजनगट नव्हते आणि गुण देणारे परीक्षकही नव्हते. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे यांना मात्र तेव्हाही मनाई होती. ब्राझिलियन जिउ-जित्सू खेळणारा सडपातळ रॉयस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकून विजेता ठरला. पुढे सिनेटर जॉन मकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली.

आजचे एकत्रित नियम २००० साली न्यू जर्सी राज्यात आकाराला आले. साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर विजेतेपदाची पाच फेऱ्यांची असते. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. डोक्याने धडक मारणे, मानेच्या मागे किंवा मणक्यावर मारणे, गळ्यावर प्रहार करणे, बोटे पिरगाळणे, जमिनीवर असलेल्याच्या डोक्यात लाथ घालणे हे सारे फाउल आहेत. त्यांची अंमलबजावणीही होते. डिसेंबर २००९ मध्ये जॉन जोन्स लढतीवर पूर्ण वर्चस्व गाजवत होता, पण कोपर सरळ वरून खाली मारल्याबद्दल तो बाद ठरला. त्याच्या नावावरचा तो एकमेव पराभव आहे. हा फाउल नियमांतून वगळला गेला तो थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये.

गैरसमज : निकाल आधीच ठरलेला असतो.

वस्तुस्थिती : हा समज डब्ल्यूडब्ल्यूई या करमणुकीच्या कुस्तीशी झालेल्या गल्लतीतून येतो. डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये कथानक आणि निकाल लिहिलेले असतात. एमएमएमध्ये तसे नसते. अमेरिकेत पंच आणि परीक्षक यांची नेमणूक साधारणपणे राज्याचा क्रीडा आयोग करतो. ब्रॉक लेस्नरसारखे काही जण दोन्हीकडे चमकले आणि सप्टेंबर २०२३ पासून यूएफसी आणि डब्ल्यूडब्ल्यूई या दोन्ही कंपन्या टीकेओ या एकाच समूहाखाली आल्या. त्यामुळे गोंधळ वाढला, एवढेच.

गैरसमज : एक विद्या पक्की असली की पुरे, उरलेले काम ताकद करते.

वस्तुस्थिती : कुस्तीचा पाया एमएमएमध्ये फार मोलाचा असतो. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह २९ लढतींत एकदाही न हरता निवृत्त झाला, तो मुख्यतः समोरच्याला खाली आणून दाबून ठेवण्याच्या कौशल्यावर. मात्र आखाड्यातल्या काही सवयी पिंजऱ्यात अंगाशी येतात. कुस्तीत पाठ टेकली की पराभव, म्हणून पैलवान खाली गेला की पालथा होऊन तग धरतो. एमएमएमध्ये पालथे होणे म्हणजे पाठ समोरच्याच्या हवाली करणे. तो पाठीवर बसतो, पायांनी कंबर अडकवतो आणि हनुवटीखालून हात घालून गळा आवळतो. पट काढायला झुकताना मान समोरच्याच्या काखेत सापडली, तर गिलोटिन ही पकड बसते. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्याआधी हाताने थाप मारून हार मान्य करणे हा शहाणपणा समजला जातो.

उलट पाठीवर पडलेला खेळाडू हरलेला नसतो. तिथून तो पायांनी समोरच्याला अडकवून हात किंवा गळा पकडू शकतो. म्हणूनच कुस्ती, बॉक्सिंग किंवा वुशू या चिनी युद्धकलेतून आलेल्या खेळाडूलाही उरलेली अंगे नव्याने शिकावी लागतात. हौशी लढती, मग छोट्या व्यावसायिक लढती आणि त्यानंतर मोठ्या कंपनीचा करार, असा हा मार्ग सहसा काही वर्षे खातो. भारतातून यूएफसीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू मुंबईचा भरत खंडारे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला तो सोंग यादोंगकडून पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीने हरला. जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशची पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती वुशूची राष्ट्रीय विजेती होती.

गैरसमज : खेळाडू आपल्या रोजच्या वजनाच्या गटातच लढतो.

वस्तुस्थिती : लाइटवेट गटाची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७०.३ किलो आहे. त्या गटातले कित्येक खेळाडू एरवी ८० किलोच्या आसपास असतात. वजन लढतीच्या आदल्या दिवशी मोजले जाते. आधीचे काही आठवडे आहार कमी केला जातो आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत शरीरातले पाणी काढले जाते. त्यासाठी मीठ बंद होते, पाणी घोटाघोटाने मिळते, गरम पाण्याच्या टबात बसवतात, घामाचा सूट घालून पळवतात. काटा मनासारखा आला की पुढच्या २४-३० तासांत पाणी आणि अन्न घेऊन वजन पुन्हा वाढवले जाते.

या व्यवसायातला सर्वांत धोकादायक भाग कदाचित हाच आहे, आणि तो पिंजऱ्याबाहेर घडतो. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपच्या मनिला येथील लढतीसाठी वजन उतरवताना यांग जियानबिंग या चिनी खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या संस्थेने पाणी काढून वजन घटवण्यावर बंदी घातली आणि लघवीच्या तपासणीतून शरीरातले पाण्याचे प्रमाण पाहणे सुरू केले.

गैरसमज : करार झाला की पैशांची ददात मिटते.

वस्तुस्थिती : यूएफसीचा तारा कोनोर मॅक्ग्रेगर याची कमाई हा अपवाद आहे. यूएफसीचे खेळाडू पगारी नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहेत. नवख्याच्या करारात साधारणपणे दोन आकडे असतात : लढल्याबद्दल १०-१२ हजार डॉलर आणि जिंकल्यास तेवढेच आणखी. वर्षाला दोन-तीन लढती मिळतात. १२ हजारांच्या करारावर वर्षात दोन लढती होऊन एक जिंकली, एक हरली, तर हाती ३६ हजार डॉलर येतात. त्यातूनच प्रशिक्षक, मॅनेजर, सरावाचे जोडीदार, आहार आणि कर भागवायचे असतात. लढत ऐन वेळी रद्द झाली, तर महिन्यांची तयारी वाया जाऊ शकते. स्टिपे मिओसिच हेवीवेट विजेता झाल्यावरही ओहायोत अग्निशामक आणि पॅरामेडिक म्हणून काम करत राहिला.

एकूण उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा हा जुना वाद आहे. अमेरिकेतल्या एनबीएसारख्या लीगमध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग मिळतो. यूएफसीत हा वाटा २० टक्क्यांच्या आसपास असल्याचे न्यायालयातल्या कागदपत्रांतून पुढे आले. खेळाडूंनी २०१४ मध्ये दाखल केलेला मक्तेदारीविरोधी खटला ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. बॉक्सरना करारांच्या बाबतीत संरक्षण देणारा २००० सालचा अली कायदा एमएमएला लागू झाला नाही. खेळाडूंची मान्यताप्राप्त संघटनाही उभी राहिलेली नाही.

गैरसमज : रक्त जास्त दिसते, म्हणून एमएमए बॉक्सिंगहून घातक.

वस्तुस्थिती : अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी लढतीनंतर झालेल्या वैद्यकीय तपासण्यांच्या नोंदी अभ्यासल्या. एमएमएच्या ५९.४ टक्के खेळाडूंना काही ना काही दुखापत झालेली होती, बॉक्सिंगच्या ४९.८ टक्के. मात्र बेशुद्ध होण्याचे प्रमाण बॉक्सिंगमध्ये ७.१ टक्के आणि एमएमएमध्ये ४.२ टक्के निघाले. एमएमएतल्या दुखापतींत कापणे आणि खरचटणे बरेच असते. ग्लोव्हज हातांच्या हाडांचे रक्षण करतात, मेंदूचे नाही. जाड ग्लोव्हजमुळे बॉक्सर डोक्यावर अधिक काळ मार खात राहू शकतो.

पण म्हणून एमएमए सुरक्षित ठरते असे नाही. क्लीव्हलँड क्लिनिक २०११ पासून लास व्हेगासमध्ये व्यावसायिक फायटरांच्या मेंदूचा अभ्यास करत आहे. ज्यांच्या नावावर लढती जास्त, त्यांच्यात मेंदूच्या काही भागांचे आकारमान कमी आणि विचारप्रक्रियेचा वेग मंद आढळला. सरावात डोक्याला बसणारे छोटे धक्के लढतीच्या नोंदीत येत नाहीत, म्हणून अनेक प्रशिक्षक जोरदार स्पारिंगवर, म्हणजे सरावातल्या लढतींवर, मर्यादा घालतात. नॉकआउट झालेल्याला क्रीडा आयोग ठरावीक काळ लढायला मनाई करतो आणि बऱ्याचदा त्या काळात संपर्काचा सरावही बंद असतो.

गैरसमज : तिशी ओलांडली की खेळ संपला.

वस्तुस्थिती : बहुतेकांचा उत्तम काळ विशीच्या उत्तरार्धापासून तिशीच्या पूर्वार्धापर्यंत असतो. वेगावर चालणाऱ्या हलक्या वजनगटांत उतार लवकर लागतो, वरच्या गटांत उशिरा. रँडी कुटूर २००७ मध्ये ४३व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला आणि ग्लोव्हर टेशेराने २०२१ मध्ये ४२व्या वर्षी लाइट हेवीवेटचा पट्टा जिंकला. वय होण्याआधीच करार संपणे हे अधिक सर्रास घडते. सलग दोन-तीन पराभव झाले की कंपनी खेळाडूला मोकळे करू शकते. यूएफसीने २०११ पासून सरावातल्या दुखापतींसाठी विमा दिला, पण निवृत्तिवेतन दिलेले नाही. पुढची सोय खेळाडूलाच बघावी लागते. बरेच जण जिम काढतात, प्रशिक्षक होतात किंवा समालोचनाकडे वळतात.