पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेपूर्वी रक्तक्षयाचे निवारण : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुरःस्थ ग्रंथी म्हणजेच प्रोस्टेट. तिच्यासमोर शिरांचे दाट जाळे असल्याने ग्रंथी काढताना रक्तस्राव होतो. यंत्रमानवाच्या साह्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत तो बराच घटला आहे. तथापि रुग्णाला आधीच रक्तक्षय असेल, तर थोडा रक्तस्रावही जड जातो व बाहेरचे रक्त देण्याची शक्यता वाढते. प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटना त्यास रक्तक्षय मानते.

कारणमीमांसा :
रक्तक्षय हे लक्षण आहे; त्याचे मूळ शोधणे ही पहिली पायरी होय. वृद्धांमध्ये लोहाची कमतरता आढळल्यास आतड्यातील छुपा रक्तस्राव तपासावा लागतो. शाकाहारी व्यक्तींत ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, तर काहींत मूत्रपिंडाचा विकार कारणीभूत असतो. कर्करोगासाठी पुरुषी संप्रेरक दाबणारे उपचार चालू असल्यासही लाल पेशींची निर्मिती मंदावते, कारण ते संप्रेरक अस्थिमज्जेस चालना देते.

मुलुंड, घाटकोपर या भागांत कच्छी भानुशाली, लोहाणा व सिंधी कुटुंबांची वस्ती आहे. या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. वाहकाच्या लाल पेशी आकाराने लहान असतात. परंतु शरीरातील लोहसाठा पुरेसा असेल, तर त्यांना लोह देऊन लाभ होत नाही. म्हणून फेरिटिनची तपासणी आवश्यक ठरते.

उपाय व मर्यादा :
लोहाची कमतरता सिद्ध झाल्यास गोळ्या किंवा वेळ कमी असल्यास शिरेतून लोह दिले जाते. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘प्रिव्हेंट’ चाचणीत, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांपूर्वी शिरेतून सरसकट लोह दिल्याने रक्त देण्याची गरज घटली नाही. म्हणजेच उपचार कारणानुरूप हवा.

एरिथ्रोपोएटिन हे मूत्रपिंडातून स्रवणारे संप्रेरक पेशीनिर्मिती वाढवते. परंतु कर्करुग्णांत त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा व रोग बळावण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००७ मध्ये दिला. त्यामुळे त्याचा वापर अपवादात्मकच असावा. रुग्णाचेच रक्त आधी साठवण्याची पद्धतही मागे पडली आहे. रक्त काढल्याने रक्तक्षय वाढतोच.

या पद्धतीला एक महत्त्वाचा अपवाद मुंबईशीच निगडित आहे. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध जाहीर केला. हा गट प्राथमिक तपासणीत ‘ओ’ भासतो. पण अशा व्यक्तीस ‘ओ’ गटाचे रक्तही घातक ठरते. अशा रुग्णाच्या स्वतःच्या लाल पेशींचे मोल विशेष आहे.

निष्कर्ष :
ऊतक-तपासणीनंतर ग्रंथीभोवतीची सूज ओसरावी म्हणून शस्त्रक्रिया सहसा काही आठवडे लांबविली जाते. हाच अवधी रक्तक्षयाच्या निवारणासाठी वापरता येतो. शस्त्रक्रिया परळच्या टाटा रुग्णालयात व्हावयाची असली, तरी हिमोग्लोबिनची पहिली तपासणी अंधेरी-बोरिवलीतील घराजवळही होऊ शकते. निदानाच्या दिवशीच ती केल्यास उपचारास वेळ मिळतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी केल्यास बहुधा रक्तपेढीच उरते.