जीर्णोद्धार की नवनिर्मिती?

फ्रेंच दिग्दर्शक झां व्हिगो यांचा ‘लातालांत’ हा चित्रपट १९३४ साली पडद्यावर आला, तेव्हा त्याचा कर्ता क्षयाने अंथरुणाला खिळला होता. मालवाहू नौकेवर संसार थाटणाऱ्या नवविवाहित जोडप्याची ही साधी कथा वितरकांना रुचली नाही. त्यांनी तिला निर्दयपणे कात्री लावली, एका लोकप्रिय गीताचे नाव तिला चिकटवले आणि तेच गीत आत घुसडले. तरीही चित्रपट चालला नाही तो नाहीच. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी, अवघ्या २९ व्या वर्षी, व्हिगो निवर्तले.

अर्धशतक उलटल्यावर, १९९० साली, गोमाँ या कंपनीने चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालयात बऱ्याच अंशी मूळ स्वरूपातील एक प्रत सुखरूप राहिली होती; तिचा मोठा आधार लाभला. कार्य निःसंशय स्तुत्य होते. परंतु उत्साहाच्या भरात, खुद्द व्हिगो यांनी ठेवली असती की नाही याची खात्री नसलेली काही दृश्येही त्यात आली, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. २००१ साली इतिहासकार बर्नार आयझेनशिट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांतील काही भर पुन्हा काढून टाकण्यात आली.

वितरकांनी लोभाने केलेली मोडतोड आणि अभ्यासकांनी प्रेमाने घातलेली भर यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. मात्र दोन्ही वेळा ज्याची संमती घ्यायची, तो हयात नव्हता वा असहाय होता, हे विसरता येत नाही. शिवाय चित्रपटगृहातील खेळ संपतो; घरी पाहण्यासाठी विकली जाणारी तबकडी कपाटात राहते आणि पुढच्या पिढीला तीच मूळ कृती वाटू लागते. म्हणूनच तबकडी काढणाऱ्याची जबाबदारी अधिक.

आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धाराचा अनुभव काही निराळा नाही. भक्तिभावानेच जुन्या कोरीव खांबांवर तैलरंग फासला जातो, आणि मूळ कारागिराचा हात कायमचा झाकला जातो. श्रद्धा खरी असते. विवेक तेवढा कमी पडतो.

तेव्हा जुनी कृती उजळणाऱ्याने धूळ अवश्य झाडावी, ओरखडेही पुसावेत. पण आपण काय जोडले आणि काय वगळले, याचा प्रामाणिक हिशेब त्या तबकडीसोबतच प्रेक्षकांच्या हाती द्यावा. जीर्णोद्धार आणि नवनिर्मिती यांतील सीमारेषा या हिशेबानेच राखली जाईल.