कवचधारी प्राण्यांमधील निर्मोचनाचे संप्रेरकीय नियमन

खेकडा, कोळंबी, शेवंड इत्यादी कवचधारी प्राणी वाढीच्या काळात ठरावीक अंतराने जुने कवच टाकून नवे कवच धारण करतात. या क्रियेस निर्मोचन किंवा कात टाकणे असे म्हणतात. कायटिन व कॅल्शियम कार्बोनेट यांनी बनलेले कठीण कवच ताणले जात नसल्याने निर्मोचनाशिवाय या प्राण्यांच्या शरीराचे आकारमान वाढू शकत नाही. कात टाकल्यानंतर काही काळ शरीर मऊ व असंरक्षित राहते. त्यामुळे या क्रियेची वेळ चुकणे प्राण्याच्या जिवावर बेतू शकते. ही वेळ स्टेरॉइड संप्रेरके आणि चेतापेशींतून स्रवणारी न्यूरोपेप्टाइडे यांच्या परस्परक्रियेतून ठरते.

निर्मोचन चक्र

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पियेर द्राक यांनी १९३९ मध्ये या चक्राचे ए ते ई असे पाच टप्पे मांडले. ए व बी हे निर्मोचनोत्तर टप्पे असून त्यांत नवे कवच कठीण होते. सी हा दोन निर्मोचनांमधील स्थिर टप्पा होय. डी या पूर्वतयारीच्या टप्प्यात जुन्या कवचातील कॅल्शियमचा काही भाग शोषला जातो, बाह्यत्वचा जुन्या कवचापासून सुटते व तिच्यावर नव्या कवचाचे थर तयार होऊ लागतात. ई हा प्रत्यक्ष कात टाकण्याचा टप्पा आहे.

वाय-अवयव आणि एक्डिस्टेरॉइडे

निर्मोचनास चालना देणारी संप्रेरके एक्डिस्टेरॉइड या गटातील आहेत. ती शिरोवक्षातील वाय-अवयव नावाच्या ग्रंथींच्या जोडीत तयार होतात. या ग्रंथींचे वर्णन गाब यांनी १९५३ मध्ये केले. त्या काढून टाकल्यास निर्मोचन थांबते, असे त्यानंतरच्या प्रयोगांतून दिसून आले. एक्डिस्टेरॉइडे कोलेस्टेरॉलपासून बनतात. कवचधारी प्राण्यांना कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही, म्हणून ते आहारातूनच मिळवावे लागते.

वाय-अवयवातून स्रवलेल्या एक्डिसोनचे रूपांतर इतर ऊतींमध्ये २०-हायड्रॉक्सिएक्डिसोन या अधिक क्रियाशील संप्रेरकात होते. हॅम्पशायर व हॉर्न यांनी १९६६ मध्ये शेवंडांच्या सुमारे एक टन अवशेषांपासून हे संप्रेरक केवळ २ मिलिग्रॅम इतके वेगळे केले. रक्तलसीकेतील त्याचे प्रमाण सी टप्प्यात अल्प असते, डी टप्प्याच्या उत्तरार्धात ते शिखर गाठते आणि प्रत्यक्ष निर्मोचनापूर्वी झपाट्याने घटते. ही घटही वाढीइतकीच आवश्यक असते.

नेत्रवृंतातील निरोधक न्यूरोपेप्टाइडे

झेलेनी यांनी १९०५ मध्ये फिडलर खेकड्यांचे नेत्रवृंत, म्हणजेच डोळ्यांचे देठ, काढले असता निर्मोचनांमधील कालावधी कमी झाल्याचे नोंदविले. नेत्रवृंतात निर्मोचन रोखून धरणारा घटक असतो, असा या निरीक्षणाचा अर्थ पुढे स्पष्ट झाला. नेत्रवृंतातील एक्स-अवयव हा चेतापेशींचा समूह हा घटक तयार करतो. या पेशींचे अक्षतंतू सायनस ग्रंथीत संपतात. तेथे तो साठविला जातो व रक्तलसीकेत सोडला जातो.

निर्मोचन-निरोधक संप्रेरक हे या घटकांपैकी प्रमुख आहे. युरोपीय हिरव्या खेकड्यात ते ७८ अमिनो आम्लांचे बनलेले असून तीन डायसल्फाइड बंधांमुळे त्याची रचना स्थिर राहते. ते वाय-अवयवाच्या पेशींवरील ग्राहींना जोडले जाते आणि चक्रीय न्यूक्लिओटाइडांच्या माध्यमातून एक्डिस्टेरॉइडांची निर्मिती दाबून ठेवते. त्याच कुलातील रक्तशर्करावर्धक संप्रेरकही वाय-अवयवावर निरोधक परिणाम करते. निरोध शिथिल झाला की वाय-अवयव सक्रिय होतो. पूर्वतयारी एका मर्यादेपलीकडे गेल्यावर तो या निरोधास फारसा प्रतिसाद देत नाही आणि निर्मोचन अटळ होते.

पर्यावरणीय व शारीरिक संकेतही या यंत्रणेवर परिणाम करतात. उदाहरणार्थ, काही भूखेकड्यांमध्ये एकाच वेळी अनेक पाय गमावल्यास पुढील निर्मोचन लवकर घडते, कारण पुनर्जनित पाय निर्मोचनानंतरच पूर्णपणे उलगडतात.

प्रत्यक्ष कात टाकणे

जुने कवच फुटण्यासाठी शरीर फुगावे लागते. हिरव्या खेकड्यात निर्मोचनाच्या सुमारास आतड्यातील अंतःस्रावी पेशी रक्तशर्करावर्धक संप्रेरक मोठ्या प्रमाणात सोडतात. त्यामुळे पाणी शोषले जाऊन शरीर फुगते, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. अशा प्रकारे एकाच संप्रेरकाचे कार्य ते कोठून व केव्हा स्रवते यानुसार बदलते. नऊ अमिनो आम्लांचे कवचधारी हृद्-उत्तेजक पेप्टाइडही याच वेळी स्रवते. कात टाकताना होणाऱ्या हालचालींशी त्याचा संबंध जोडला जातो. बर्सिकॉन हे संप्रेरक नव्या कवचाच्या जडणघडणीत व कठीण होण्यात भाग घेते.

व्यावहारिक महत्त्व

कोळंबीच्या बीजनिर्मिती केंद्रांत मादीचा एक नेत्रवृंत कापून अंडाशयाची परिपक्वता घडवून आणण्याची पद्धत रूढ आहे. नेत्रवृंतात अंडाशयाची वाढ रोखणारी न्यूरोपेप्टाइडेही असल्याने ती परिणामकारक ठरते. मात्र निर्मोचन-चक्रात व्यत्यय, शारीरिक ताण आणि प्राणिकल्याण या कारणांवरून तिच्यावर टीका होते. मऊ कवचाच्या खेकड्यांच्या उत्पादनात खेकडे कात टाकताच पाण्याबाहेर काढावे लागतात, अन्यथा कवच पुन्हा कठीण होते. त्यामुळे तेथे निर्मोचनाच्या वेळेचा अंदाज महत्त्वाचा असतो.

कीटक व कवचधारी प्राणी हे दोन्ही संधिपाद संघातील असून त्यांच्या निर्मोचनाची मूलभूत यंत्रणा समान आहे. परिणामी, कीटकांची कात टाकण्याची क्रिया बिघडविण्यासाठी वापरली जाणारी डायफ्लुबेन्झुरॉनसारखी रसायने पाण्यात मिसळल्यास कोळंबी, खेकडे व सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनाही घातक ठरतात.